पिंजऱ्यातली अर्धी जागा

१

कुत्र्याला इंग्लंडला न्यायचं तर माणसापेक्षा जास्त कागद लागतात, हे आम्पारोला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं. तिचा स्वतःचा व्हिसा महिन्याभरात हातात पडला. लीड्सच्या एका इस्पितळात नर्सची नोकरी होती, तिकीट तेच काढून देणार होते, राहायला खोलीही ठरली होती. इबोसचं मात्र संपता संपेना. आधी मानेत चिप बसवा, मग रेबीजची लस टोचा, मग तीस दिवस थांबा, मग रक्त काढून परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवा. त्याचा अहवाल चांगला आला तरी रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने घरी बसा. आम्पारोने हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं होतं. एक काम झालं की ती त्या ओळीवर रेघ मारायची. रेघ मारताना तिला बरं वाटायचं असं नाही, आणि वाईटही वाटायचं नाही. गेलं वर्षभर तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

"माझ्या लग्नाला एवढे कागद लागले नव्हते गं, इंदाय," तिची सासू म्हणायची; तिकडे पोरीला लाडाने इंदाय म्हणतात. फिलिपिन्समधल्या इलोईलोच्या त्या गल्लीत सगळे तिला नानाय पासिंग, म्हणजे पासिंग आई, म्हणत. वय एकोणऐंशी, डाव्या कानाने बहिरी, जीभ मात्र धडधाकट. "आता फोटो काढायला त्याच्या गळ्यात टाय बांध म्हणजे झालं."

इबोस हेर्मीचा होता. हेर्मी म्हणजे आम्पारोचा नवरा, नानायचा एकुलता एक मुलगा, मालवाहू जहाजावर इंजिनियर. सहा वर्षांपूर्वी सुट्टीवर आला असताना त्याने हे पिल्लू टॉवेलात गुंडाळून आणलं. नारळाच्या पानात गुंडाळलेल्या चिकट भातासारखं ते दिसत होतं, म्हणून त्या भाताचंच नाव त्याला पडलं. मागच्या वर्षी भर समुद्रात, एका सकाळी हजेरीच्या वेळी हेर्मी जहाजावर नव्हता. कंपनीने एवढंच कळवलं. शव मिळालं नाही, म्हणून थडगंही नाही.

त्याचे कपडे होते, चपला होत्या, फोटो होते. पण तो दारात आल्यावर वेडं होणारं असं घरात आता एकच जनावर उरलं होतं. इबोसला मागे ठेवून जायचं असेल तर मी जाणारच नाही, असं आम्पारोने इस्पितळाला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. नानाय यायला तयार नव्हती. "मला तिकडच्या थंडीत नेऊन काय गोठवून ठेवायचंय?" ती म्हणाली. तिच्या सोबतीला गिंबालहून भाची मर्लिन येऊन राहणार होती. तेही कागदावर लिहिलेलं होतं, अगदी तळाला.

२

इबोसचं रक्त काढलं त्याच दिवशी हेर्मीचं वर्ष भरलं. आम्पारो आणि नानायने सकाळी कुत्र्याला डॉक सालसेदोंच्या दवाखान्यात नेलं, तिथून तिघं थेट मोलोच्या चर्चमध्ये गेली. मिस्सेची प्रार्थना झाल्यावर सासूसुनेने वर्षभर छातीवर लावलेल्या दुखवट्याच्या काळ्या पिना काढल्या. थडगं नव्हतं, तेव्हा फुलं घेऊन ती अरेवालोच्या किनाऱ्यावर गेली आणि फुलं पाण्यात सोडली.

निघताना हाक मारायची असते. लहान मूल घेऊन नदीवर गेलं, जत्रेत गेलं, इस्पितळात गेलं, तरी परत फिरताना आई त्याला नावाने तीनदा हाक मारते, चल, घरी जाऊ या. नाहीतर मूल घरी येतं आणि त्याचा जीव तिथेच रेंगाळत राहतो. आम्पारो वॉर्डात काम करणारी बाई, तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण बऱ्या झालेल्या पोरांना घरी सोडताना आया दारात थांबून हाक मारायच्या, तेव्हा तीही थांबायची. हाक पुरी होईपर्यंत दार धरून ठेवायची.

"हाक तू मार," नानाय रिक्षात बसता बसता म्हणाली. "मी मारली तर 'आलो गं' म्हणेल आणि तासभर येणार नाही. लहानपणापासूनची सवय आहे त्याची. बायकोला घाबरायचा."

आम्पारो पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. ऊन होतं, वारा होता, लांब एक माणूस जाळं झटकत होता. तिने तोंड उघडलं आणि नाव आलंच नाही. रडू आलं असतं, आवंढा आला असता, तर तिला समजलं असतं. तसलं काही नव्हतं. खण ओढावा आणि तो रिकामा निघावा, एवढंच झालं. ती तशीच क्षणभर थांबली आणि मग मोठ्याने म्हणाली,

"चल, घरी जाऊ या. चल, घरी जाऊ या. चल, घरी जाऊ या."

"नाव घेतलंस ना?" नानायने विचारलं. वाऱ्यात तिला ऐकू गेलं नव्हतं.

"घेतलं," आम्पारो म्हणाली. म्हातारीला कशाला त्रास, असा तिचा विचार होता.

रिक्षात इबोस नेहमी दोघींच्या पायाशी बसायचा. त्या दिवशी तो खाली बसेचना. अठरा किलोचं धूड नानायच्या मांडीवर चढून बसलं आणि पायाशी असलेल्या आपल्या रोजच्या जागेकडे घरापर्यंत बघत राहिलं.

"अरे घोड्या, माझी हाडं मोडशील!" नानाय ओरडत होती, पण हसतही होती.

३

पिंजरा शेजारच्या नोंग बेर्तिंगने केला. झुंजीच्या कोंबड्यांचे पिंजरे करण्यात त्याची हयात गेली होती. विमानवाल्यांचा नियम साधा होता. कुत्र्याला आत उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाय पसरून निजता आलं पाहिजे. बेर्तिंगने टेप लावून नाकापासून शेपटीपर्यंत माप घेतलं.

"कोंबड्याला एवढे लाड नसतात, इंदाय," तो म्हणाला. "हा आता साहेब होणार. तिकडे जाऊन भुंकेल तेही इंग्रजीत."

तयार पिंजरा घरी आला. बाहेरच्या खोलीत वेताचा लांब बाक होता, चार माणसं आरामात बसतील एवढा. त्याच्या शेजारी आम्पारोने पिंजरा मांडला आणि आत जुनी गोधडी घातली. प्रवासाआधी कुत्र्याला पिंजऱ्याची सवय लावावी लागते. जेवण आत द्यायचं, दुपारची झोप आत, दार उघडं. इबोस शहाणा होता. पहिले दोन दिवस तो आत जाऊन ऐसपैस पसरला. तिने कागदावरच्या एका ओळीवर रेघ मारली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती ड्यूटीवरून आली तेव्हा तो डाव्या भिंतीला चिकटून झोपला होता. चिकटून म्हणजे इतका, की बरगड्यांवर जाळीचे चौकोन उमटले होते. पाय पोटाशी ओढलेले, शेपूट पायांत. उजवी अर्धी गोधडी मोकळी होती.

उकडत असेल, जाळीकडून वारा येत असेल, असं आम्पारोला वाटलं. तिने पिंजरा उलटा फिरवला, म्हणजे वाऱ्याची बाजू बदलली. दुसऱ्या दिवशीही तो एका कडेलाच होता. वारा कुठूनही येवो, तो अर्धी जागा सोडून निजायचा.

४

इबोसची कागदपत्रं बघणारा माणूस मनिलाला होता. आवाजावरून तिशीचा वाटायचा आणि प्रत्येक वाक्यात दोनदा 'मॅम' म्हणायचा. तो दर आठवड्याला पिंजऱ्याचा फोटो मागवायचा.

"मॅम, पिंजरा लहान पडतोय, मॅम," तो म्हणाला. "कुत्रा अंग चोरून झोपलाय. कार्गोवाले असा घेणार नाहीत. जागेवरून परत पाठवतात."

"माप बरोबर आहे. नियमात आहे."

"नियमात आहे, मॅम. पण ते माप बघत नाहीत, कुत्रा बघतात."

बेर्तिंगने कपाळाला हात लावला आणि दुसरा पिंजरा केला, हातभर रुंद. पुन्हा तीच गत. पहिले दोन दिवस इबोस मधोमध पसरला, तिसऱ्या दिवशी कडेला गेला. आता उजवीकडे आणखी जास्त जागा रिकामी होती, आणि इबोस पहिल्याइतकाच दाटीत होता.

आम्पारोने त्याला डॉक सालसेदोंकडे नेलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, सांधे हलवून बघितले, कानात बघितलं.

"ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. मग तिने फोनवर काढलेला फोटो त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि हसल्या. "याला घरात दुसरं कुत्रं आहे का? ही शेजाऱ्याला जागा दिल्यासारखी झोप आहे."

"नाही," आम्पारो म्हणाली. "हा एकटाच आहे."

रक्ताचा अहवाल उत्तम आला. तीन महिन्यांतले सात आठवडे उरले. ती ड्यूटीवर जायची, यायची, गोधडी झटकायची. झटकताना कधी कधी बारीक वाळू पडायची. कुत्रं आहे, पायाला लागून येत असेल. पण त्या दिवसानंतर इबोस किनाऱ्यावर गेला नव्हता. हे तिला माहीत होतं, आणि माहीत असूनही तिने केर भरून टाकून दिला.

५

त्या मोकळ्या जागेत हेर्मी असेल, हा विचार तिच्या मनात पहिल्यांदा तांदूळ निवडताना आला. आला तसा तो जाईना.

तसं झालं असेल तर किती सोपं होतं. तिने हाक मारली आणि तो आला. नाव नाही घेतलं म्हणून काय झालं, बायकोचा आवाज त्याला कळत नाही होय? आणि पिंजऱ्यात बसलाय, कारण पिंजरा इंग्लंडला जाणार आहे. म्हणजे तो सोबत यायला निघालाय. आम्पारोने कपाटातून त्याचा निळा शर्ट काढला आणि गोधडीच्या रिकाम्या अर्ध्या भागावर घडी करून ठेवला. असलं काही करणारी बाई आपण नाही, हे तिला कळत होतं. तरीही तिने ते केलं.

इबोस शर्टाजवळ गेला नाही. हेर्मीचे सॉक्ससुद्धा तोंडात धरून घरभर मिरवणारा कुत्रा तो. शर्टाकडे बघून त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले.

दुपारची वेळ होती. नानाय आत पडली होती, गल्लीत कुणाच्या तरी रेडिओवर जाहिराती चालू होत्या. आम्पारो पिंजऱ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली. इबोस डावीकडे जाळीला चिकटलेला, डोळे उघडे. उजवीकडे शर्ट, आणि शर्टाखाली गोधडी मध्यभागी दबलेली. तिने हात आत घातला. गोधडी कोमट होती, जरा ओलसर. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी, असं तिला वाटलं. मग तिच्या बोटांखालीच तो दबलेला भाग सावकाश रुंद होत गेला आणि शर्टाची घडी एका बाजूला कलली. जो कोणी होता तो उठून गेला नव्हता. तो जरा ऐसपैस होत होता.

तिने हात काढून घेतला. छाती धडधडली का, तर नाही. नर्सच्या सवयीने ती घड्याळाकडे बघत बसली आणि विचार करत राहिली.

हेर्मी वीस वर्षं जहाजावरच्या अरुंद फळीवर झोपलेला माणूस. घरी आला तरी पलंगाच्या अगदी काठावर, अंग चोरून निजायचा. 'अरे पडशील, सरक इकडे,' म्हणून ती त्याला ओढायची, तेव्हा तो म्हणायचा, 'तू पसर गं, मला एवढी पुरते.' बसमध्ये, चर्चच्या बाकावर, कुठेही त्याने कधी दुसऱ्याची जागा घेतली नाही. तो असा पसरला नसता. आणि इबोसला कोपऱ्यात दाबून तर मुळीच नाही.

हा हेर्मी नव्हता. मग कोण होता, हे तिने स्वतःला विचारलं नाही. त्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं किती माणसं बुडाली असतील. 'चल, घरी जाऊ या,' असं कुणीतरी म्हणण्याची वाट बघणारी.

६

तिसरा पिंजरा विमानाच्या दारातून आत जाईल एवढा मोठा होता. याहून मोठा चालणार नव्हता.

"मॅम, हा शेवटचा," मनिलाचा माणूस म्हणाला. "यातही तो असाच बसला तर मी काही करू शकत नाही, मॅम. मग त्याला घरीच ठेवावं लागेल."

इबोस त्यातही तसाच बसला. वजन दोन किलोने उतरलं होतं. त्याची रात्र कशी जायची ते आम्पारोला माहीत नव्हतं, पण सकाळी त्याच्या बरगड्यांवर चौकोन असायचे. निघायला नऊ दिवस उरले होते.

तेव्हा तिने नानायला सांगितलं. नानाय ओट्याशी तांदूळ धूत होती. आम्पारो तिच्या उजव्या कानाशी उभी राहिली.

"नानाय, त्या दिवशी मी नाव घेतलं नव्हतं."

म्हातारीचा हात पाण्यात थांबला. "म्हणजे?"

"नुसतं चल म्हटलं. तोंडात नावच आलं नाही."

नानायने पाणी ओतलं, दुसरं घेतलं. ओरडेल, रडेल, असं आम्पारोला वाटलं होतं.

"तरीच," ती शेवटी म्हणाली. "पोरगा वर्षाच्या मिस्सेलासुद्धा आला नाही असं मला वाटत होतं. म्हणजे तो तिथेच आहे अजून. पाण्यात."

"आणि इथे कोण आहे, नानाय?"

"मला काय ठाऊक? तू बोलावलंस." मग आवाज जरा मऊ करून ती म्हणाली, "निघायच्या दिवशी फाटकात उभी राहून नीट नाव घे. ज्याचं नाव घेशील तो तुझ्यासोबत येईल. ज्याचं घेणार नाहीस तो मागे राहील."

"मागे म्हणजे इथे?"

"मग कुठे? मी आहे की." नानाय हसली. "मला काय खाणार आहे तो? माझ्यात उरलंय काय?"

आम्पारोने तिच्याकडे बघितलं. आपण 'नको' म्हणायला हवं, हे तिला समजत होतं. तिने ते म्हटलं नाही. तांदळाचं भांडं तिने सासूच्या हातातून घेतलं आणि चुलीवर ठेवलं. मर्लिन येणार होती रविवारी, म्हणजे आम्पारो गेल्यावर दोन दिवसांनी. दोन दिवसांचाच प्रश्न होता. नंतर कितीतरी वेळा तिला तो आकडा आठवणार होता.

७

शुक्रवारी सकाळी सात वाजता व्हॅन आली. बेर्तिंग मदतीला आला होता. दोघांनी पिंजरा उचलून मागे चढवला.

"एवढासा कुत्रा आणि वजन बघा," बेर्तिंग धापा टाकत म्हणाला. "दगड भरलेत का काय आत?"

इबोस डाव्या कडेला दबलेला होता. जाळीतून बाहेर आलेलं नाक कोरडं पडलं होतं.

आम्पारो फाटकात उभी राहिली. नानाय तिच्या शेजारी, कोपराला धरून. आम्पारोने ठरवलं होतं, एकच नाव घ्यायचं. ते तिने घेतलं, मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून.

"इबोस, चल, निघू या. इबोस, चल, निघू या. इबोस, चल, निघू या."

व्हॅनमध्ये पिंजरा करकरला. तिने मान वळवली. इबोस उठून उभा राहिला होता. त्याने अंग झाडलं, गोल फिरला, आणि पिंजऱ्याच्या मधोमध चारी पाय पसरून आडवा झाला. जांभई दिली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच.

आता फक्त व्हॅनमध्ये बसायचं होतं.

"आणि त्याचं?" नानाय म्हणाली.

"कुणाचं?"

"माझ्या पोराचं नाव नाही घेणार तू? इथून जाताना तरी घे. तू लांब चाललीस, मी आज आहे उद्या नाही. मग त्याला हाक मारणार कोण?" म्हातारीचे डोळे भरले होते. आम्पारोने तिला वर्षभरात रडताना पाहिलं नव्हतं. "एकदा घे, इंदाय. माझ्यासाठी."

आम्पारोने घराकडे बघितलं. दार उघडं होतं. आत बाहेरची खोली, वेताचा बाक, पिंजरा होता तिथली रिकामी फरशी. या वेळी नाव आलं. इतकं सहज आलं की तिलाच नवल वाटलं, जणू दुसऱ्या कुणीतरी ते तिच्या जिभेवर आयतं ठेवलं होतं.

"हेर्मी, चल, घरी जाऊ या. हेर्मी, चल, घरी जाऊ या. हेर्मी, चल, घरी जाऊ या."

आतून बाकाचा वेत करकरला. कुणी जड माणूस टेकला की करकरतो तसा. नानायचा डावा कान घराच्या बाजूला होता, तिने काही ऐकलं नाही. ती डोळे पुसत होती आणि समाधानाने मान हलवत होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. आम्पारोने आशीर्वादासाठी सासूचा हात कपाळाला लावला आणि व्हॅनमध्ये बसली.

८

दुपारी मनिलाच्या कार्गो शेडमध्ये एक जाडगेला अधिकारी पिंजऱ्याभोवती दोनदा फिरला. त्याने इबोसच्या मानेवर यंत्र फिरवून चिपचा आकडा बघितला, कागदावरच्या आकड्याशी ताडला, आणि आत वाकून बघितलं. इबोस मधोमध घोरत होता.

"काय मॅम, याच्यासाठी बंगला बांधलात की!" तो म्हणाला. "एवढ्या जागेत आणखी दोन कुत्री मावली असती. मी याच्यापेक्षा लहान खोलीत राहतो."

त्याने शिक्का मारला. आम्पारोने पिशवीतून तो कागद काढला, फ्रिजवरचा, आणि त्या ओळीवर रेघ मारली. या वेळी तिला काहीतरी वाटलं. ती चक्क रडली, अनोळखी माणसांसमोर, नाक पुसत पुसत. अधिकाऱ्याने तिला पाण्याची बाटली दिली. मग तिला भूक लागली. विमानतळावर तिने भाताची अख्खी थाळी संपवली, वर गोड काहीतरी घेतलं. मांसाला चव होती. गेल्या वर्षभरात कशाला चव होती का, हे तिला आठवेना.

विमानाला तासभर होता. तिने घरी फोन लावला. नानायने पहिल्याच घंटीला उचलला.

"इंदाय! बरं झालं केलास. आला गं तो."

"कोण?"

"कोण म्हणजे? तू हाक मारलीस ना फाटकात! हेर्मी आलाय." म्हातारीचा आवाज कोवळ्या मुलीसारखा झाला होता. "तू गेलीस, मी आत आले आणि बाकावर बसले, तर शेजारची जागा कोमट. मी त्याच्या आवडीचं काडियोसच्या दाण्यांचं कालवण केलंय, ताट वाढलंय."

जो इथवर बिननावाचा होता, त्याला आम्पारोने स्वतःच्या तोंडाने नाव दिलं होतं. तीनदा.

"नानाय, ऐका. उजव्या कानाला लावा फोन. तुम्ही आत्ता उठा आणि बेर्तिंगकडे जा. मर्लिन येईपर्यंत तिथेच राहा. घरात थांबू नका."

"वेडी का काय तू? वर्षानं पोरगा घरी आलाय आणि मी शेजारी जाऊन बसू?"

"तो हेर्मी नाही, नानाय!"

"आईला शिकवतेस होय?" नानाय रागावली नाही, हसली. "नावाने हाक मारलीस, नावाने आला. आणखी काय पाहिजे?"

आम्पारोने डोळे मिटले. बाकाची लांबी तिला पाठ होती. चार माणसं आरामात बसायची.

"नानाय," ती म्हणाली, "तुम्ही कुठे बसलात?"

"बाकावरच."

"बाकावर कुठे?"

पलीकडे वेत करकरला, दमाने, आणि नानायचा श्वास आखूड झाल्यासारखा वाटला.

"कडेला," ती म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटत होतं. "भिंतीला अगदी चिकटून बसलेय बघ. आत्ता तर मधोमध होते. बाहेर निघावं म्हटलं तर... अगं, जागाच नाही उरली."

"नानाय? नानाय!"

फोन चालू होता, पण त्यात आता फक्त बाक ऐकू येत होता. आम्पारोने बेर्तिंगचा नंबर लावला, तो कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. इबोसला सामानाच्या कप्प्यात चढवलं होतं, शिक्का पडला होता. तिला उठून धावायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, कुणाला तरी सांगायला हवं होतं. पण दुपारी जे थोडंसं आत आलं होतं ते आल्यापावली निघून गेलं होतं. हातापायांत पुन्हा तोच ओळखीचा बधिरपणा होता.

भोंग्यातून एका बाईने तिचं पूर्ण नाव घेतलं आणि तिला दाराशी यायला सांगितलं. आम्पारो हातातल्या फोनकडे बघत राहिली. बाईने दुसऱ्यांदा नाव घेतलं.

तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा ती उठली आणि निघाली.